मिनी ट्रॅक्टरचे स्टेअरिंग जड झाले? पंप बदलण्याआधी हे तपासा

मिनी ट्रॅक्टरचे पॉवर स्टेअरिंग जड झाले किंवा झटके देऊ लागले, की गॅरेजमध्ये पहिले निदान ठरलेले: ‘पंप गेला’. कधी कधी ते खरेही असते. पण पंपाशी संबंध नसलेली चार-पाच कारणे आधी तपासायची असतात आणि ती तुम्ही बांधावरच तपासू शकता.

ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर मात्र एकही नट सैल करू नका. वॉरंटी वर्षांत आणि तासांत मोजतात. जे आधी पूर्ण होईल ते धरतात. म्हणून आजच अवरमीटरचा फोटो काढून ठेवा. डीलरकडे जाताना खरेदीचे बिल, शिक्के मारलेले सर्व्हिस बुक आणि आरसी न्या. तक्रार जॉबकार्डवर लिहून घ्या, प्रत मागा. ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ या तोंडी आश्वासनाला वॉरंटी संपल्यावर किंमत नाही. ऑइल, सील, होस पाइप यांसारखे झिजणारे भाग बहुधा वॉरंटीबाहेर असतात, तेही आधीच विचारा.

वॉरंटी संपली असेल तर आधी फुकटचे उपाय. फोर व्हील ड्राइव्हचा लीव्हर बघा. शेतातून निघताना तो काढायचा राहिला आणि ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर आला, की वळणावर स्टेअरिंग जड होते, झटकेही देते. हा बिघाड नाही. मग पुढच्या टायरमधली हवा. किती हवी ते टायरच्या बाजूला किंवा मॅन्युअलमध्ये असते. पुढे जास्तीची वजने लावली असतील तर ती उतरवून बघा. थंडीत पहाटे ऑइल घट्ट असते, म्हणून पहिली काही मिनिटे स्टेअरिंग जड लागणारच.

पुढचा एक्सल जॅकवर उचला. मागच्या चाकांना उटी लावा, एक्सलखाली मजबूत लाकडी ठोकळा द्या. नुसत्या जॅकवर भरवसा नको. इंजिन चालू ठेवून स्टेअरिंग फिरवा. उचलल्यावर हलके आणि जमिनीवर जड असेल तर हवा, वजन किंवा कमी प्रेशर, यांतले एक. उचलूनही जड असेल तर इंजिन बंद करून मिस्त्रीकडून सिलिंडरचे टोक सोडवून घ्या आणि चाके हाताने ढकला. तरीही अडली तर किंगपिन कोरडी पडली आहे. चिखलणी केलेल्या ट्रॅक्टरमध्ये हे हमखास. जुने काळे ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीस गन मारा. ग्रीस जातच नसेल तर निप्पल तुंबली आहे. नवी काही रुपयांत मिळते.

झटके बसत असतील तर संशय हवेवर. इंजिन बंद करून, सपाट जागी ऑइल बघा. काही मॉडेलमध्ये स्टेअरिंगची वेगळी टाकी असते, काहींत गिअर आणि हायड्रॉलिकचेच ऑइल वापरतात. तुमच्याकडे कोणते आहे ते मॅन्युअलमध्ये बघूनच ऑइल घ्या. पातळी कमी असेल तर कुठेतरी गळती आहे. फेस असेल तर हवा शिरते आहे. दुधासारखे पांढरट असेल तर पाणी गेले आहे. मग सगळे ऑइल बदलावे लागेल, वरून भर घालून भागणार नाही. हवा बहुतेक वेळा टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या पाइपाच्या क्लिपपाशी शिरते. तिथे बाहेर थेंबही दिसत नाही, कारण तो भाग ऑइल ओढतो. क्लिपभोवती बोटाने ग्रीस लावा आणि इंजिन चालू करा. पंपाची घरघर कमी झाली तर जागा सापडली. दुरुस्ती नव्या क्लिपची किंवा फार तर तेवढ्या पाइपची.

क्लिप आवळल्यावर एअर काढा. पुढची चाके उचललेली, इंजिन मंद, स्टेअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पुन:पुन्हा. मधे ऑइल भरत राहा. फेस थांबला की काम झाले. टोकाला दाबून धरू नका, त्याने पंप तापतो. आणि एक सक्त सूचना: प्रेशरच्या पाइपाची गळती हाताने चाचपू नका. बारीक धार कातडीतून आत घुसते, बोट गमावण्याची वेळ येते. पुठ्ठा धरून बघा.

एवढे करूनही जडपणा गेला नाही तर गॅरेज. पण तिथे आधी प्रेशर गेज लावायला सांगा. गेज न लावता पंप बदला म्हणणाऱ्याकडे काम देऊ नका. दोन्ही बाजूंना सारखेच जड असेल तर पंप, फिल्टर किंवा रिलीफ व्हॉल्व्ह. एकाच बाजूला जड असेल तर सहसा स्टेअरिंग युनिट किंवा सिलिंडर. चाके टोकाला टेकूनही चक्र हळूहळू फिरतच राहत असेल तर आत सील गळते आहे.

खर्चाचा ढोबळ अंदाज असा. मॉडेल आणि तालुक्याप्रमाणे फरक पडेल. एक लिटर ऑइल तीन-चारशे रुपये. सिलिंडरचे सील किट काही शे रुपये, काम अर्ध्या दिवसाचे. प्रेशरचा होस पाइप हजाराच्या आसपास. पंप चार ते आठ हजार. पूर्ण स्टेअरिंग युनिट दहा हजारांच्या पुढे, आणि ते मागवायचे असेल तर काही दिवस ट्रॅक्टर उभा. म्हणून युनिट बदलण्याआधी त्याचे सील किट मिळते का, ते विचारा. पेरणीच्या तोंडावर आणि द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत मिस्त्री वेळेवर मिळत नाही. काम त्याआधी उरका.

आता बिल. एमआरपीत सगळे कर आलेले असतात. ‘एमआरपी अधिक जीएसटी’ असे कोणी लावत असेल तर देऊ नका. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक पंपांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 18 वरून 5 टक्के झाला आहे. पंपाच्या बिलात जुना दर दिसला तर एचएसएन कोड विचारा. मजुरीवर 18 टक्के लागतो, तो वेगळा. शेतावर येण्याचा व्हिजिट चार्ज आणि गळून गेलेल्या ऑइलची भरपाई आधी ठरवा. ऑइल सामाईक असेल तर हीच रक्कम सुट्या भागाहून मोठी होते. जुना भाग परत मागा, नव्याचा डबा आणि पार्ट नंबर जपून ठेवा.

दोन जुगाड मात्र कधीच करू देऊ नका. रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वायसर घालून प्रेशर वाढवले, की स्टेअरिंग काही दिवस हलके लागते. मग होस फुटतो. दुसरा, चरे पडलेल्या सिलिंडर रॉडवर नुसते नवे सील. रॉडवरून नख फिरवा; नख अडले तर नवे सीलही लवकरच गळणार.

फसवणूक वाटली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. तिथे सुटले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग: मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, आणि पक्के बिल जवळ हवे.