लसीकरणाच्या नोंदवहीतून रोगप्रतिकारशास्त्र

वैद्यकीय पदवीच्या दुसऱ्या वर्षी सूक्ष्मजीवशास्त्राच्या अभ्यासात रोगप्रतिकारशास्त्राचा भाग येतो. विद्यार्थी या भागाला बिचकतात, आणि ते अगदीच अकारण नाही. पेशींचे प्रकार अनेक, प्रतिपिंडांचे वर्ग पाच, त्यांची नावे रोमन अक्षरांची, आणि परीक्षेत प्रश्न मात्र नेमक्या बारकाव्यावर. पुष्कळजण तक्ते पाठ करून ही पायरी ओलांडतात. पुढे गावातील एखादी माता "गोवराची सुई एकदा दिली, मग पुन्हा कशाला?" असे विचारते, तेव्हा त्या तक्त्यांचा फारसा उपयोग होत नाही.

9 ऑक्टोबर 2024 रोजी राज्यातील ज्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत जालना येथील महाविद्यालयाचा समावेश होता. आजच्या अभ्यासक्रमानुसार प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला ग्रामीण भागातील काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याची नोंद ठेवावी लागते. लसीकरणाच्या वेळापत्रकामागील शास्त्रीय आधार स्पष्ट करता येणे, हीही त्याच अभ्यासक्रमाची अपेक्षा आहे. या दोन गोष्टींची सांगड घातली तर हा अवघड विषय बराच सोपा होतो. जालन्यापासून सुमारे 25 किलोमीटरवर, भोकरदन तालुक्यात असलेल्या राजूरसारख्या गावातील बालकांच्या लसीकरणाची नोंदवही त्यासाठी उघडावी. तिचा जवळजवळ प्रत्येक रकाना हा परीक्षेचा एक प्रश्न आहे.

या शास्त्राच्या आरंभाशी महाराष्ट्राचा जुना संबंध आहे. 1882 मध्ये रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीला काटा टोचून पाहिला, तेव्हा फिरत्या पेशी काट्याभोवती गोळा झालेल्या दिसल्या. जंतूंना गिळून टाकणाऱ्या पेशींची कल्पना त्यातून पुढे आली. जर्मनीतील एर्लिक प्रभृतींचा भर रक्तद्रवातील प्रतिपिंडांवर होता. पेशी श्रेष्ठ की द्रव, हा वाद बरीच वर्षे चालला. अखेर 1908 चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले. दोघांचेही म्हणणे खरे होते. याच मेचनिकॉफ यांचे ओडेसा येथील विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन 1896 च्या प्लेगात मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा प्रयोगशाळेत त्यांनी लस सिद्ध केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली व न टोचलेल्या कैद्यांशी त्यांची तुलना करण्यात आली. परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेला 1925 मध्ये त्यांचे नाव मिळाले.

शरीराचे संरक्षण दोन थरांचे असते. पहिला थर जन्मजात. त्वचा, श्लेष्मल आवरण आणि जंतूभक्षक पेशी यांचा त्यात समावेश होतो. हा थर काही तासांतच कामाला लागतो, परंतु शत्रूची ओळख लक्षात ठेवणे त्याला फारसे जमत नाही. दुसरा थर उपार्जित. यातील बी पेशी प्रतिपिंडे निर्माण करतात. टी पेशी रोगग्रस्त पेशी नष्ट करतात आणि इतर पेशींना आज्ञा देतात. नवा जंतू प्रथम शिरला की या थराला सिद्ध व्हायला आठवडाभर तरी लागतो. मात्र लढाई संपल्यावर स्मृतिपेशी मागे राहतात आणि तोच जंतू पुन्हा आला तर प्रतिकार त्वरित व जोरदार होतो. आजार न होता ही स्मृती निर्माण करणे, एवढेच लसीचे काम.

आता नोंदवहीकडे वळावे. पहिली नोंद बाळाची नसून मातेची असते: गरोदरपणातील धनुर्वात-घटसर्पाची लस. आईच्या रक्तातील आयजीजी वर्गाची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात आणि नवजात अर्भकाचे धनुर्वातापासून रक्षण करतात. आयजीएम वर्गाचा रेणू आकाराने मोठा असल्याने वार ओलांडू शकत नाही. म्हणून नवजाताच्या रक्तात एखाद्या जंतूविरुद्धचे आयजीएम आढळले, तर तो संसर्ग खुद्द बाळालाच झाला आहे असे समजतात. परीक्षकांचा हा आवडता प्रश्न आहे. माता व नवजातांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे 2015 मध्ये मान्य झाले, त्याच्या मुळाशी सुरक्षित प्रसूतीबरोबर हीच उसनी प्रतिकारशक्ती होती.

जन्मतः दिली जाणारी बीसीजी डाव्या दंडावर व्रण ठेवून जाते. क्षयाचे जंतू भक्षक पेशींच्या पोटातच दडून बसतात, तेथे प्रतिपिंडे पोहोचत नाहीत. काम टी पेशींनाच करावे लागते. बालकांमधील मेंदूच्या आवरणाचा क्षय आणि सर्वांगात पसरणारा क्षय यांपासून ही लस चांगले रक्षण करते. सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांतील पंचगुणी लसीतही एक मर्म आहे. हिब जंतूचे आवरण शर्करेचे असते आणि दोन वर्षांखालील बालकाची प्रतिकारयंत्रणा केवळ शर्करेला नीट दाद देत नाही. ती शर्करा प्रथिनाला जोडून दिली की टी पेशींचे साह्य मिळते आणि स्मृती तयार होते.

सर्वांत अधिक गैरसमज गोवराच्या रकान्याविषयी आहे. पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर दिली जाते, कारण त्याआधी आईकडून आलेली प्रतिपिंडेच लसीतील दुर्बल केलेल्या विषाणूला निष्प्रभ करतात. नऊ महिन्यांनाही काही बालकांत ती शिल्लक असतात. सुमारे 85 टक्के बालकांतच ही मात्रा यशस्वी होते. सोळा ते चोवीस महिन्यांची दुसरी मात्रा मुख्यतः उरलेल्या 15 टक्क्यांसाठी आहे. तिला 'बूस्टर' म्हणण्याची सवय विद्यार्थ्यांनी आणि आरोग्य कर्मचाऱ्यांनीही सोडावी हे बरे. कोणते बालक त्या पंधरांतले, हे वरून पाहून कळत नाही. मातेच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे.

गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या समाजात 12 ते 18 जणांना आजार देऊ शकतो. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून तो संसर्ग पसरवीत असतो आणि त्याने सोडलेले विषाणू बंद जागेच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतात. त्यामुळे 95 टक्के लोकसंख्या सुरक्षित असल्याखेरीज साथ रोखता येत नाही. राजूर हे गणपतीच्या साडेतीन पीठांपैकी एक मानले जाते. अंगारकी चतुर्थीला येथे दूरदूरच्या गावांहून भाविकांची रीघ लागते. कडेवरच्या मुलांसह रांगेत उभ्या असलेल्या या गर्दीत गावाचा आकडा 95 आहे की 80, हा प्रश्न कागदावरचा राहत नाही. 2022 मध्ये मुंबई, भिवंडी, मालेगाव येथे गोवराचा उद्रेक झाला आणि बालके दगावली. बरे झालेल्या मुलाचीही हानी होते. गोवराचा विषाणू स्मृतिपेशीच नष्ट करतो. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात लस न घेतलेल्या मुलांनी गोवरानंतर इतर रोगांविरुद्धची 11 ते 73 टक्के प्रतिपिंडे गमावल्याचे आढळले.

शास्त्र बिनचूक असूनही लस वाया जाते ती बहुधा वाटेत. लसी 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये राहाव्या लागतात. उन्हाचे भय सर्वांना ठाऊक असते. बर्फाचे भय कमी जणांना. पंचगुणी लस गोठली तर निकामी होते आणि वरकरणी काही कळत नाही. गोवर-रुबेलाची लस एकदा द्रावणात मिसळली की चार तासांत संपवावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते. लसीकरणाच्या दिवशी मुले वेळेवर एकत्र आणण्यात सरपंच व अंगणवाडी सेविका यांचे साह्य किती मोलाचे, हे यावरून ध्यानात येईल.

मराठवाड्यातील पुष्कळ कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. फाल्गुनात जन्मलेले बालक मार्गशीर्षात नऊ महिन्यांचे होते, आणि तेव्हा ते आईसोबत फडावर असते. गावच्या नोंदवहीत त्याच्यापुढे 'स्थलांतरित' असा शेरा पडतो, कारखान्याच्या गावी त्याचे नावच नसते. अशा बालकाला पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत गोवर-रुबेलाची चुकलेली मात्रा देता येते. आधीच्या मात्रा पुन्हा पहिल्यापासून द्याव्या लागत नाहीत, कारण स्मृतिपेशी टिकून असतात. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत असेल तर ती कोणत्याही शासकीय केंद्रात मिळते. टोळ्या निघण्यापूर्वी ग्रामपंचायतीने ही कार्डे तपासून घ्यावीत, आणि शिक्षकांनी पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी ती मागून पाहावीत. पाच ते सहा वर्षे वयाची त्रिगुणी लसीची मात्रा नेमकी त्याच सुमारास द्यावयाची असते.