शेडचं वेल्डिंग : आगीच्या बंदोबस्ताला किलोमागे दीड रुपया

मानवत, सेलू, जिंतूरकडे शेड उभं करायचं ठरलं की फॅब्रिकेशनवाल्याशी बोलणी किलोवर होतात. लोखंडासकट किलोला शंभराच्या आसपास दर निघतो. त्यात लोखंड, मजुरी, रंग, क्रेनचं भाडं सगळं येतं. पण काम थांबल्यावर तासभर तिथेच उभं राहून ठिणगी कुठे धुमसते का, हे बघणाऱ्या माणसाची मजुरी त्यात कुणी धरत नाही. किलोवर काम घेतलेला वेल्डर होल्डर ठेवला की निघतो, कारण थांबण्याचे पैसे त्याला मिळत नाहीत. दोष त्याचा नाही, दर ठरवण्याच्या पद्धतीचा आहे. म्हणून हा खर्च मालकानेच कोटेशनमध्ये वेगळी ओळ करून लिहून घ्यावा.

हिशेब करून पाहू. तीन हजार चौरस फुटांचं शेड, पंधरा टन लोखंड, जागेवर वीस दिवस काम. म्हणजे पंधरा लाखांचा व्यवहार. ६ किलोचे दोन एबीसी पावडरचे अग्निशामक साधारण ५,००० रुपये. वाळूच्या चार बादल्या २,०००. ठिणग्या अडवणारी फायबरग्लासची दोन ब्लँकेटं ३,०००. राखणीला एक माणूस, शेवटच्या वेल्डनंतरचा तास धरून रोज ६०० रुपये, वीस दिवसांचे १२,०००. बेरीज २२,०००. किलोमागे दीड रुपया. दर अंदाजे आहेत, दुकान आणि हंगाम पाहून थोडे पुढेमागे होतील. शिवाय अग्निशामक आणि बादल्या पुढे शेडमध्येच कामी येतात. खरा जादा खर्च राखणीच्या माणसाचा, आणि नेमका तोच वाचवला जातो.

या माणसाला दुसरं कुठलंही काम सांगू नका. पत्रे उचलायला लावलात की राखण संपली. अग्निशामकाची पिन काढून तो कसा चालवायचा, हे त्याच्या हाताने एकदा करून घ्या. ६ किलोची पावडर पंधरा-वीस सेकंदांत संपते, तेवढ्यात शिकायला वेळ नसतो. थोडा जरी वापरला तरी तो पुन्हा भरून घ्यावा लागतो, त्याला पाचशे ते आठशे रुपये पडतात. विकत घेताना आयएसआय खूण, आयएस १५६८३ हा क्रमांक, भरल्याची तारीख आणि काटा हिरव्या पट्ट्यात असल्याचं बघा. निम्म्या किमतीत नवा म्हणून मिळणारा अग्निशामक बहुधा जुनाच रंगवून भरलेला असतो.

ठिणगी किती लांब जाते? अनेक ठिकाणी पाळला जाणारा नियम ३५ फुटांचा, म्हणजे सुमारे ११ मीटरचा आहे. तेवढ्या घेरातलं जळणारं सगळं हलवायचं, हलत नसेल तर झाकायचं. हिरवी नेट, ताडपत्री, थर्माकोल, सेंट्रिंगच्या फळ्या, रंगाचे डबे, थिनर हे सगळं त्यात आलं. वरच्या मजल्यावर काम असेल तर तिथल्या फरशीतली भोकं, डक्ट आणि खालचा मजलाही बघा. झाकायला जुना पत्रा उत्तम, तो साइटवर फुकट मिळतो. प्लास्टिकची ताडपत्री अजिबात नको. आपल्याकडे बांधकामाची घाई उन्हाळ्यात असते, पारा चाळिशीच्या वर असतो आणि सगळं आधीच वाळून कोळ झालेलं असतं.

पुण्यात मांजरीला सीरम इन्स्टिट्यूटच्या बांधकाम चालू असलेल्या इमारतीत २१ जानेवारी २०२१ रोजी आग लागली आणि पाच कामगार गेले. वेल्डिंगच्या ठिणगीमुळे इन्सुलेशनने पेट घेतला असावा, असा प्राथमिक अंदाज तेव्हा सांगितला गेला. राजकोटच्या गेम झोनमध्ये २५ मे २०२४ रोजी जी आग भडकली, ती वेल्डिंगच्या ठिणग्यांतून. तिथे पंचवीसहून अधिक माणसं जळाली, त्यांत मुलं होती.

जिनिंगचं काम असेल तर वरचा हिशेब पुरत नाही. हंगाम संपल्यावर दुरुस्ती निघते, पण कैच्यांवर आणि पर्लिनवर रुईची तूस बसलेली असते. दोन-तीन मजूर लावून एक दिवस ती झाडून घ्या, दीड-दोन हजारांत होतं. गाठी हलवण्याची हमाली वेगळी. कापूस आतल्या आत तासन्‌तास धुमसतो. पावडरने ज्वाला विझते, आतला निखारा विझत नाही. त्यामुळे इथे पाणीच लागतं, तेही हलक्या फवाऱ्याने. जोराच्या धारेने तूस उडते आणि आग पसरते. काम सुरू करण्याआधी जमीन ओली करायला स्वच्छ धुतलेला फवारणीचा पंप चांगला. मात्र वेल्डिंगच्या वायरी आणि मशीनपासून पाणी दूर ठेवा आणि वेल्डर उभा राहील ती जागा कोरडी असू द्या. राखण एका तासावर थांबवू नका, रात्री पुन्हा फेरी मारा. माझं मत विचाराल तर भाग बोल्ट काढून बाहेर आणता येत असेल, तर आत वेल्डिंग करूच नये. क्रेनचे दोन-तीन हजार गेले तरी चालतील.

गॅस कटरला फ्लॅशबॅक अरेस्टर आहे का, ते विचारा. ज्वाला नळीतून मागे टाकीकडे जाऊ न देणारा हा नग हजार-दीड हजाराचा असतो, ऑक्सिजनला एक आणि गॅसला एक लागतो. तो ठेकेदाराचा खर्च आहे, तुमचा नव्हे. घरगुती लाल सिलिंडर कटिंगला वापरणं बेकायदेशीर आहे. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल-ग्रीसचा हात लागता कामा नये.

रोज सकाळी एक चिठ्ठी लिहा : जागा, वेळ, वेल्डर कोण, राखणीला कोण, दोघांच्या सह्या. तिला खर्च शून्य. जिंतूर किंवा गंगाखेडहून परभणी चाळीसेक किलोमीटर आहे. मोठ्या आगीला परभणीहून बंब मागवावा लागला तर तो येईपर्यंत सगळं तुमच्या माणसांवरच आहे. १०१ आणि ११२ हे क्रमांक आणि तुमच्या नगरपरिषदेच्या अग्निशमन विभागाचा नंबर त्याच चिठ्ठीवर लिहा. ‘राखणीचा माणूस, शेवटच्या वेल्डनंतर एक तास’ ही ओळ कोटेशनमध्ये आल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.