आधी कोडचा फोटो, मग बाकीचं

अगं, नव्या नोकरीत झेरॉक्स मशीन कोणाच्या गळ्यात पडतं, ते आधीच सांगून ठेवते. तुझ्याच. तशी ऑर्डर कोणी काढत नाही, फक्त तुझं टेबल मशीनशेजारी लावतात. मग जुलैत रिटर्नांची घाई चाललेली असताना ते एखादं अक्षर नि तीन आकडे दाखवून ठप्प होतं, आणि सगळं ऑफिस तुझ्याकडे बघतं.

अशा वेळी हात आधी स्विचकडे जातो. थांब. मोबाइलवर कोडचा फोटो काढ, टिंबानंतरच्या आकड्यांसकट. एचपीच्या मशीनवर १३ ने सुरू होणारा कोड म्हणजे कागद अडकला, ५० ने सुरू होणारा म्हणजे फ्यूजरची तक्रार. नेमकं काय ते टिंबानंतरचे आकडे सांगतात. फोटो पाठवलास तर इंजिनिअर बहुतेक वेळा पार्ट सोबत घेऊनच येतो. नाहीतर एक फेरी बघायला, दुसरी पार्ट आणायला. आणि खरं सांगू? ‘हिनेच काहीतरी दाबलं असेल’ म्हणायला माणसं टपलेली असतात. तारीख-वेळेसकट फोटो असला की त्यांचं तोंड बंद होतं.

फ्यूजरचं मात्र नीट समजून घे. टोनर ही शाई नव्हे, प्लॅस्टिकची बारीक पूड असते. ती कागदावर वितळवून चिकटवणारा तापलेला भाग म्हणजे फ्यूजर. तो दोनशे अंशांच्या आसपास तापतो. कॅननच्या ऑफिस मशीनवर ई००० किंवा ई००१, रिकोवर एससी ५४२ असं काही दिसलं तर बहुधा याच तापण्यात बिघाड आहे. यातले काही कोड बंद-चालू करून जात नाहीत, आणि ते मुद्दाम तसे ठेवलेत. इंजिनिअरने कारण शोधायचं, मग सर्व्हिस मोडमध्ये जाऊन कोड काढायचा. कारण भीती आगीची असते. १९५९ साली आलेलं झेरॉक्स ९१४ कागद करपवायचं, म्हणून कंपनी त्याच्यासोबत छोटं अग्निशामक द्यायची आणि त्याला म्हणायची ‘स्कॉर्च एलिमिनेटर’. आगीचं नावही न घेता! तेव्हा व्हिडिओत बघून गुप्त बटणं दाबायला कोणी सांगितलं, तर सरळ नाही म्हण. साहेबांनी सांगितलं तरी.

कागद अडकला तर ते तुझं काम, त्यात लाजायचं काही नाही. ओढणी खांद्यावरून काढ, बांगड्या मागे सार. फ्यूजरकडचं झाकण असेल तर आधी गार होऊ दे. कागद दोन्ही हातांनी, तो जात होता त्याच दिशेने, हळू ओढ. आत कागद दिसत नाही तरी ‘जॅम’ म्हणतंय? मग कुठेतरी नखाएवढा तुकडा सेन्सरवर बसलाय. टॉर्च लावून शोध. पट्टी, कात्री, ब्लेड आत घालू नकोस. पावसाळ्यात हे वाढतंच. उघडा कागद सादळलेल्या पापडासारखा होतो, रोलरला नीट उचलता येत नाही. आपल्या ठाकुर्ली स्टेशनजवळचा झेरॉक्सवाला बघ, लागेल तेवढाच कागद काढतो नि बाकीचा गठ्ठा वेष्टनात गुंडाळून ठेवतो. वीज गेली की तो मशीन साध्या यूपीएसवर टाकत नाही, तेही उगाच नव्हे. फ्यूजर तापताना एकदम इतकी वीज ओढतो की छोटा यूपीएस मान टाकतो. (आपल्याकडचं चोळे पॉवर हाऊस एकेकाळी रेल्वेगाड्यांसाठी वीज तयार करायचं, आणि आपण एका झेरॉक्ससाठी ताटकळतो.)

कोड मशीनच्या पडद्यावर आहे की कॉम्प्युटरच्या, हेही बघ. शून्य-एक्सने सुरू होणारा लांबलचक आकडा विंडोजचा असतो. सप्टेंबर २०२१ च्या अपडेटनंतर शेअर केलेले प्रिंटर जोडले जाईनात, शेवटी ११बी असलेला कोड दिसू लागला. त्यात प्रिंटरचा काडीचा दोष नव्हता. तो फोन कॉम्प्युटरवाल्याला कर, मशीनवाल्याला नको.

टोनर कपड्यांवर सांडला तर चोळू नकोस, झटक, मग गार पाण्याने धू. गरम पाण्याने ती पूड आणखी पक्की बसते.

आणि एक. मशीन नेमकं साडेपाचला बसतं. फोन लाव, तक्रार क्रमांक लिहून घे, मशीनवर चिठ्ठी चिकटव आणि निघ. इंजिनिअर येईपर्यंत तिथे बसून राहायला कोणीही तुला सांगेल, पण ठाकुर्लीला फास्ट थांबत नाही हे त्यांच्या गावीही नसतं.