ग्रंथारंभीचे चार प्रश्न

नवीन ग्रंथ हाती आला म्हणजे गृहस्थ बहुधा पहिले पान उघडून लागलीच वाचावयास बसतो. चार दिवस उत्साह टिकतो. पुढे प्रपंचाची कामे आड येतात आणि ग्रंथ खुणेच्या पानावर मिटून राहतो. याचे कारण केवळ वेळेचा अभाव नव्हे. हा ग्रंथ कशासाठी वाचावयाचा, हेच आरंभी ठरलेले नसते.

यावर शास्त्रकारांनी ‘अनुबंधचतुष्टय’ सांगितले आहे. विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी हे ते चार अनुबंध होत. सदानंदांच्या ‘वेदान्तसारा’त प्रारंभीच त्यांचे विवेचन आहे. ग्रंथकाराने जे सांगावयाचे, तेच वाचकाने स्वतःस विचारावे. ग्रंथाचा विषय कोणता? त्याचे प्रतिपादन ग्रंथात कोणत्या क्रमाने केले आहे? प्रस्तावना व अनुक्रमणिका पाहिल्याने ही दोन्ही उत्तरे मिळतात. तो वाचून मला काय साधावयाचे आहे? हे एका वाक्यात लिहून ठेवावे. माझी तयारी पुरेशी आहे काय? नसल्यास आधी सोपा ग्रंथ घ्यावा. त्यात कमीपणा नाही.

मात्र प्रयोजन ठरविणे म्हणजे आपले मत ग्रंथावर लादणे नव्हे. ग्रंथाचे तात्पर्य ग्रंथातूनच काढावे, यासाठी मीमांसकांनी सहा लिंगे सांगितली; त्यांत पहिले स्थान उपक्रम व उपसंहार यांना आहे. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त हीच कसोटी गीतेस लाविली. पहिल्या अध्यायाच्या शेवटी अर्जुन धनुष्य टाकून रथात बसतो. अठराव्यात तो भगवंतांचे वचन पाळण्यास सिद्ध होतो. ही दोन टोके ज्याने ध्यानात धरली, त्याला मधल्या ज्ञान, कर्म व भक्ती यांच्या विवेचनातील सूत्र सापडते. म्हणून कोणत्याही ग्रंथाचा आरंभ व शेवट आधी पाहावा, मग क्रमाने वाचावे.

नित्य वाचन संपल्यावर लिहून ठेवलेल्या वाक्याकडे एकवार पाहावे. गीतेच्या अखेरीस भगवंतांनी अर्जुनास विचारले आहे, की तू हे एकाग्र चित्ताने ऐकलेस काय, आणि तुझा मोह गेला काय? वाचकाने हाच प्रश्न रोज स्वतःस करावा. अशा रीतीने वाचलेली दोन पानेही आचरणात उतरतात. एरवी शंभर पाने वाचूनही मन होते तेथेच राहते.