ऑलिव्हची फळमाशी

प्रश्न : टस्कनीत आमची ऑलिव्हची छोटी सेंद्रिय बाग आहे. गेल्या वर्षी फळमाशीने बरीच फळं किडली. गावाकडचा आंब्याचा ‘रक्षक’ सापळा इथे चालेल का?

उत्तर : नाही. माशी आंब्याच्या फळमाशीच्याच कुळातली, पण ही ‘रक्षक’मधल्या मिथाइल युजेनॉलच्या आमिषाला भुलत नाही. हिला अमोनियाचं आमिष लागतं. जुलैत कोय टणक होऊ लागली की सापळे टांगा आणि केओलिन माती फवारा. पांढुरक्या फळावर मादी अंडी घालायला कचरते. पावसाने माती धुतली, तर पुन्हा फवारा. कडक उन्हात माशी थंडावते. खरी धास्ती सप्टेंबरची. म्हणून ऑक्टोबरातच तोडणी उरका. तेल थोडं कमी निघेल, पण घशाला झणका देणारं, झकास! फळं गोणीत नको, क्रेटमध्ये भरा आणि 24 तासांत घाण्यावर न्या.