बोकशीनं शिकवलेलं

शास्त्री नदी प्राचितगडाकडून उतरते, संगमेश्वरावरून वळते आणि जयगड-तवसाळच्या मधून समुद्राला मिळते. फुणगूसच्या खालच्या अंगाला, जिथे पाणी गोडं की खारं हे ऋतू ठरवतो, तिथे आमचे खुंटे आहेत. बावीस वर्षं मी तिथे बोकशी लावतोय. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. हे शंकूसारखं पिशवीचं जाळं असतं, तोंड दोन खुंट्यांना बांधलेलं आणि शेपटाला बारीक आसाचा, म्हणजे बारीक भोकांचा, खोला. ते ओढायचं नाही, पागासारखं फेकायचंही नाही. पाणीच कोळंबी आणून देतं.

मासेमारीचे कायदे लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर समुद्र होता, त्यामुळे खाडीत बसलेल्या माणसाला पुष्कळसे नियम स्वतःच शिकावे लागतात. माझे हे असे.

१. घड्याळ घरी ठेवा

मुंबईची नोकरी सोडून आलो तेव्हा डोक्यात लोकलची वेळ होती. रोज पहाटे पाचला होडी काढायचो. थोरले काका, ज्यांना अख्खी वाडी तात्या म्हणायची, तीन दिवस गप्प राहिले. चौथ्या दिवशी म्हणाले, "पाणी काय तुझ्या कंपनीत कामाला हाय?"

मग त्यांनी हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. हा हिशेब किनाऱ्याचा. आत खाडीत पाणी चढायला वेळ लागतो, आमच्या खुंट्यांवर साधारण तासभर. बोकशी आम्ही लावतो ती सुकतीला, म्हणजे भरती भरून पाणी उलटलं की.

आवस-पुनवेच्या उधाणात पाण्याला ओढ असते आणि धंदा त्याच चार-पाच दिवसांत होतो. भांगाच्या, म्हणजे पाण्याला ओढ नसलेल्या, दिवसांत जाळं नुसतं लोंबकळतं. ते दिवस फाटलेलं शिवण्याचे. त्यातही मला पुनवेपेक्षा आवस बरी वाटते. कोळंबी अंधारात तळ सोडून प्रवाहात येते, चांदणं पडलं की चिखलात दबून बसते.

२. पाणी थांबायच्या आत खोला उचला

हे एका वाक्यात सांगता येतं, पण मला शिकायला एक रात्र लागली. होडीतच डोळा लागला आणि जाग आली तेव्हा भरती सुरू झाली होती. उलट्या पाण्यानं खोला मोज्यासारखा उलटा केला होता. आत दोन शिंगाळे आणि एक फुगलेला केंड शिल्लक होता. शिंगाळ्याचा काटा लागला तो वेगळाच.

३. आस ओल्या जाळ्यावर मोजा

बाकीचं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

मोठ्या जातीची कोळंबी अंडी समुद्रात सोडते. पिल्लं दोन-तीन आठवड्यांची झाली, अजून नखाएवढीही नसताना, भरतीच्या पाण्याबरोबर खाडीत शिरतात. कांदळांच्या मुळांत, चिखलात खाऊन-पिऊन काही महिने वाढतात आणि सुकतीबरोबर परत समुद्राकडे निघतात. अंडी घालण्याचं वय त्यांना तिकडे गेल्यावर येतं. बोकशी बसलेली असते नेमकी त्या परतीच्या वाटेवर. म्हणजे समुद्रावरच्या ट्रॉलरला आम्ही शिव्या घालतो, पण आमच्या खोल्यात येणाऱ्या बहुतेक कोळंबीनं आयुष्यात एकदाही अंडी घातलेली नसतात. मत्स्यखात्याच्या एका शिबिरात हे चित्र काढून दाखवलं तेव्हा मी मागच्या बाकावर बसून खाली बघत होतो.

कारण त्याच्या आदल्याच ऑक्टोबरात मी खोल्याला मच्छरदाणीची जाळी लावली होती. शेजारच्याने लावली, त्याच्या पाट्या भरल्या, मग मीही लावली. एका रात्रीत अकरा किलो निघाली. व्यापाऱ्यानं पाटीत हात घालून बघितलं आणि सुकटीचा भाव सांगितला, किलोला पन्नास रुपये. साडेपाचशे रुपये घेऊन घरी आलो. बायकोनं ठेवून घेतलेल्या वाट्यातली शंभर ग्रॅम तराजूवर टाकून मोजली. एकशे सत्तर नग भरले. किलोला सतराशे, आणि अकरा किलोंना अठरा हजार सातशे.

व्यापारी मोठी कोळंबी काउंटवर घेतो, म्हणजे किलोत किती नग बसतात त्यावर. पन्नास काउंटला तेव्हा मला तीनशे मिळत होते. बायको म्हणाली, यातली दहातली एक जरी जगली असती तरी? मी पाटीच्या मागं आकडेमोड केली. अठराशे सत्तर नग, पन्नासनं भागले, सदतीस किलो. अकरा हजारांवर रुपये. ते सगळे मलाच मिळाले असते असं नाही. खाली जयगडपर्यंत वीस-पंचवीस जाळी आहेत, कुणाला ना कुणाला मिळाले असते. पण मीही कुणाच्या तरी खालीच आहे, माझ्या वरही जाळी आहेत.

मच्छरदाणी त्या आठवड्यात काढली. आता माझा नियम असा, की ओला आणि ताणलेला खोला घेऊन करंगळीचं टोक आसातून गेलं पाहिजे. कोरड्या जाळीवर माप घेणं म्हणजे स्वतःला फसवणं आहे. तिरका चौकोनी आस वजन आलं की मिटतो आणि मोठ्या आसाचं जाळंही बारीक जाळीसारखं वागतं. यावर उपाय कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं ट्रॉलरच्या खोल्यांसाठी सांगितलेला आहे. जाळी अशी फिरवून शिवायची की आस चौकटीसारखा उभा राहील आणि ताण आला तरी उघडाच राहील. मी तो बोकशीला केला. पहिल्या महिन्यात माल कमी आला, खोटं का बोला. तात्यांनी शिवण बघून विचारलं, "हे कुणाचं डोकं?" मी सांगितलं कोचीचं. "बरं हाय," म्हणाले. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

२०२३ मध्ये राज्य सरकारनं ५४ प्रजातींची किमान लांबी ठरवून दिली. पापलेटाला १३५ मिलिमीटर, त्याहून लहान पकडायचं नाही. चांगलं झालं. पण खोल्यात मेलेलं पिल्लू पट्टीनं मोजून पाण्यात टाकून उपयोग काय? मोजणी जाळ्यानं पाण्यातच करायला हवी.

४. पोटाखाली अंडी असलेली परत सोडा

नदीत वरच्या अंगाला लांब निळ्या नांग्यांची मोठी कोळंबी असते. तिचा प्रवास बरोबर उलटा. वाढते गोड्या पाण्यात आणि पावसाळ्यात अंडी घेऊन खाऱ्याकडे उतरते, कारण पिल्लांना थोडं खारं पाणी लागतंच. मादी अंडी पोटाखाली धरून फिरते. ती आधी नारिंगी असतात, फुटायच्या सुमारास करडी होतात. वीसेक दिवसांचा खेळ. समुद्री कोळंबीची अंडी आपल्याला दिसतच नाहीत, हिची समोर दिसतात. तरी हॉटेलवाला दुप्पट भाव देतो म्हणून ठेवून घेणारे आहेत. मीही दोनदा ठेवलीय. आता ठेवत नाही.

५. अर्धी खाडी उघडी ठेवा

खुंट्यांच्या जागा आमच्याकडे घराण्याच्या आहेत, कागदावर कुठेच नाहीत. त्यामुळे भांडणं होतात. पलीकडच्या काठावरच्या दालदी मच्छीमार भाऊबंदांशी बसून आम्ही एवढं ठरवून घेतलं आहे: काठाकाठानं लावायचं, मधला खोल प्रवाह कुणीच अडवायचा नाही, आणि एकाच्या तोंडासमोर दुसऱ्यानं खुंटा ठोकायचा नाही. मधून होड्या जातात आणि मासळीही जाते. रात्री खुंट्यावर बत्ती हवी. एकदा मी कंटाळा केला आणि वाळूच्या एका होडीनं अख्खी बोकशी ओढून नेली. होडीवाल्याला जाब विचारला तर म्हणाला, दिवा कुठं होता? त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खुंट्यांसाठी पूर्वी काठावरचीच कांदळं तोडायचे. आता तोडू नका. २०१८ पासून तर उच्च न्यायालयाच्या निकालामुळे ती थेट वनच धरली जातात. पण कोर्टाचं सोडा. कोळंबीचं पाळणाघर तोडून कोळंबी पकडायचा खुंटा करायचा, हे तुम्हालाच बरं दिसतं का? पोफळीचा सोट घ्या, दोन हंगाम जातो.

६. बंदी नसली तरी बंद ठेवा

पूर्वी समुद्रातली पावसाळी बंदी १० जूनला सुरू होऊन १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा यांतलं जे आधी येईल तिथे संपायची. पुढे ती १ जून ते ३१ जुलै, एकसष्ट दिवसांची झाली. तीही यांत्रिक होड्यांना. माझी वल्ह्याची होडी आणि खाडीतली बोकशी तिच्यात बसत नाही. म्हणजे १९८१ चा सागरी मासेमारीचा कायदा मला जूनमध्ये घरी बसा म्हणत नाही.

आणि मोह तर जूनमध्येच होतो. पहिल्या मोठ्या पावसाचं गढूळ पाणी आलं की खाडीतली कोळंबी लोटानं समुद्राकडे निघते. दोन रात्रींत महिन्याची कमाई. आमच्या वाडीनं मध्यममार्ग काढलाय: पहिल्या पुराचे आठ दिवस सगळ्यांनीच बोकशी काढून ठेवायची, मग ज्याला परवडत नाही त्यानं लावावी. काही वर्षं हे पाळलं गेलं, काही वर्षं नाही. मोडणाऱ्याला दंड नाही, फक्त त्या वर्षी शिमग्यात त्याच्या नावानं सोंग निघतं. तसंही पुरात वाहून आलेला एखादा ओंडका बोकशीत शिरला, की लोभाचा हिशेब आपोआप होतो.

७. विष घालणाऱ्याला नाव घेऊन अडवा

उन्हाळ्यात नदी आटली की वरच्या डोहांत कुणीतरी ब्लीचिंग पावडर किंवा शेतीचं औषध टाकतं. आजोबांच्या वेळी गेळफळ कुटून टाकत, त्यानं मासे झिंगून वर येत. ही औषधं वेगळी. कीड मारायला केलेली असतात आणि कोळंबी म्हणजे शेवटी किड्याचीच चुलत बहीण. मासा एखादेवेळी वाचेल, ती नाही. पाण्यात स्फोट करणं आणि विष घालणं १८९७ च्या इंग्रजी कायद्यापासून गुन्हा आहे. त्या कायद्यात शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड अशी होती. दोनशे रुपयांत आज किलोभर बरी कोळंबी येत नाही.

८. बर्फ होडीतच न्या

कोळंबीचं डोकं आधी काळं पडतं, आणि ते धक्क्यावर नाही, होडीत सुरू होतं. जितका माल तितका बर्फ, थर देऊन. आधी स्वच्छ पाण्यानं चिखल धुवा. व्यापारी काळेपणा लपवायची पांढरी पूड देतो, ती घेऊ नका. खाणाऱ्याला दमा असेल तर त्याला बाधते, आणि शिळा माल पुडीनं ताजा होत नाही.

९. ऊद (पाणमांजर) आला तर गप्प बसा

खोला फाडतो, आतलं खातो, वर डोकं काढून बघतो. कायद्यानं संरक्षित प्राणी आहे. जाळं शिवा.

१०. विम्याचा फॉर्म भरा

मच्छिमार सोसायटीचे सभासद असाल तर मत्स्यसंपदा योजनेत अपघाती मृत्यूला पाच लाखांचं संरक्षण आहे, हप्ता आपल्याला भरावा लागत नाही. खाडीत कोण बुडतंय, असं आम्ही सगळेच म्हणायचो. गुडघाभर चिखलात पाय रुतला आणि वरून भरती आली, की खाडी आणि समुद्र सारखाच.

येत्या पंचमीला भरती किनाऱ्यावर पावणेचारला, आमच्याकडे पावणेपाचला. पाणी उलटलं की मी बोकशी लावणार आहे. ज्यांना चौकटी आसाची शिवण बघायची असेल त्यांनी चार वाजेपर्यंत धक्क्यावर यावं. येताना सुई-दोरा आणि स्वतःचा खोला आणा, शिवून देतो. करंदी मात्र विकत घ्यावी लागेल.