पडद्यावरच्या बाई आणि अर्धा सेकंद

मित्रांनो, सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर संपादक मंडळाला नाही, मला रागवा. पण हा विषय मराठीतच लिहावासा वाटला, कारण तो मराठी शाळेतल्या मुलांचा आहे.

माझं घर गोराई गावात. बोरिवलीहून खाडी ओलांडून फेरी बोटीने जायचं. बोट बंद असली की भाईंदर-उत्तनवरून लांबचा वळसा. पत्ता मुंबईचा, पण रोज नोकरीला येणाऱ्या माणसाला विचारा! माझा मावसभाऊ मराठी माध्यमाच्या एका शाळेत सातवीत होता, तेव्हा जूनमध्ये त्यांच्या गणिताच्या बाई बदलून गेल्या. दुसरं कोणी आलं नाही. गणिताच्या तासाला दुसरे सर येऊन "गुपचूप बसा, पाढे लिहा" एवढंच सांगायचे. त्यांचा तरी काय दोष? त्यांच्याकडे स्वतःचे दोन वर्ग होते.

कायदा काय म्हणतो?

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्यानुसार सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा. शिवाय विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक हवाच. प्रत्यक्षात? युनेस्कोच्या २०२१ च्या भारतावरील अहवालात देशात शिक्षकांची अकरा लाखांहून जास्त पदं रिकामी आणि एक लाखाहून जास्त शाळा एकशिक्षकी असल्याचं म्हटलं आहे. म्हणजे गोराई एकटी नाही.

मग एकच शिक्षक सगळीकडे दाखवला तर?

ही कल्पना आपल्या जन्माच्या आधीची आहे. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ प्रयोगात नासाच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत शैक्षणिक कार्यक्रम दाखवले गेले. पण तो टीव्ही होता, त्याला प्रश्न विचारता येत नव्हता. २० सप्टेंबर २००४ ला इस्रोने श्रीहरिकोटाहून ‘एज्युसॅट’ सोडला, खास शिक्षणासाठीचा भारताचा पहिला उपग्रह. त्यात दोन्ही बाजूंनी बोलायची सोय आली. पुढे २०११ च्या सुमारास मुंबई महापालिकेने आपल्या शाळांत ‘व्हर्च्युअल क्लासरूम’ सुरू केले. स्टुडिओत एक तज्ज्ञ बाई, आणि अनेक शाळांतली मुलं एकाच वेळी पडद्यासमोर. शंका असली तर माइकवरून विचारायची.

थोडं इंजिनिअरिंग

भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किमी वर असतो. बाईंचा आवाज वर जाऊन खाली यायला ७२,००० किमी. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किमी, म्हणजे ०.२४ सेकंद. मुलाचा प्रश्न परत जायला आणखी ०.२४. असा अर्धा सेकंद नुसता प्रवासातच जातो.

पण खरी गंमत पुढे आहे. खाली येणारं चित्र दहा शाळांनी पाहिलं काय आणि शंभर शाळांनी पाहिलं काय, उपग्रहाला तेवढाच खर्च. सांगणं कितीही वाढवता येतं. विचारणं वाढवता येत नाही, कारण बाई एका वेळी एकाच मुलाचं ऐकू शकतात. समजा शंभर शाळा, प्रत्येकीत ३० मुलं आणि ३५ मिनिटांचा तास. बाईंनी काहीही न शिकवता फक्त प्रश्न ऐकले, तरी एका मुलाच्या वाट्याला ०.७ सेकंद येतो. त्यातला अर्धा सेकंद आकाशात! आता बरंचसं काम इंटरनेटवर चालतं आणि तो उशीर कमी झाला. पण भागाकार तोच राहिला.

माझा प्रयोग

हे गणित मला उशिरा सुचलं. आधी मीच ‘व्हर्च्युअल ताई’ झाले. दर रविवारी संध्याकाळी हॉस्टेलमधून व्हिडिओ कॉल. तिकडे मावशीच्या घरात डब्याला टेकवलेला मोबाइल आणि समोर पाच मुलं. विषय, पूर्णांकांचा गुणाकार. मी चाळीस मिनिटं बोलले. "समजलं?" "हो ताई!" असा कोरस. मी खूश.

तिसऱ्या रविवारी मावशी मासे साफ करता करता उठली आणि वह्यांत डोकावली. म्हणाली, "अगं, तू बोलतेस छान. पण ह्या दोघांच्या वह्या कोऱ्या आहेत. आणि ही पोर मघापासून एकच उत्तर लिहून खोडतेय." मावशी चौथी शिकलेली. ऋण संख्या तिला ठाऊक नाहीत. पण मला मोबाइलवर जे दिसत नव्हतं, ते तिला दिसलं.

त्या मुलीला मी विचारलं. ती म्हणाली, "ताई, उणे म्हणजे उधारी ना? मग उधारी गुणिले उधारी म्हणजे आणखी उधारीच होणार." किती बरोबर विचार! मी म्हटलं, "दुकानदाराने तुझ्या नावावरच्या ४ रुपयांच्या ३ उधाऱ्या खोडून टाकल्या, तर तुझा फायदा की तोटा?" थोडा वेळ शांतता. मग, "१२ रुपये फायदा!" उणे तीन गुणिले उणे चार बरोबर अधिक बारा.

त्यानंतर पद्धत बदलली. मी दहा मिनिटं बोलायचं, मुलांनी पंधरा मिनिटं लिहायचं, मावशीने मोबाइल एकेका वहीवर फिरवायचा.

निष्कर्ष

माझं मत असं झालं की पडद्यावरच्या बाई जरूर असाव्यात. जिथे विषयाचा शिक्षकच नाही, तिथे त्यांच्यामुळे नीट ऐकायला तरी मिळतं. पण वर्गात वही बघणारं एक माणूस हवंच, आणि पडदा लावला म्हणून रिकामं पद भरलं असं कोणी समजू नये. उपग्रह आवाज पोचवतो, खोडलेलं उत्तर त्याला दिसत नाही.

दिवाळीनंतर त्या शाळेत गणिताचे सर आले. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. भावाने फोन करून पहिली बातमी दिली ती अशी : "ताई, हे सर वह्या बघतात!"

मित्रांनो, आपल्या हॉस्टेलमधल्या प्रत्येकाच्या गावात अशी एखादी रिकामी खुर्ची असेल. आठवड्यातला एक तास द्या. फक्त फोनच्या त्या बाजूला एखादी मावशी आधी शोधा.